टीसीजवळची बॅटरी

बेळगाव जिल्ह्यात जांबोटीच्या अलीकडे आमच्या मावशीचं घर आहे. तिनं घराच्या छतावर ३ किलोवॅटचे सोलर पॅनल बसवून घेतले. मे महिन्याच्या शेवटी वळवाचा पाऊस झाला, कुठंतरी तारेवर फांदी पडली आणि करंट गेला. तासाभरानं पाऊस उघडला, लख्ख ऊन पडलं, धुतलेले पॅनल चमकायला लागले, पण घरातला पंखा मात्र ढिम्म. मावशीनं मला फोन लावला. "अरे, ऊन आहे की डोक्यावर! मग पंखा का फिरत नाही? फसवलं काय मला?"

कुणी फसवलं नव्हतं. बसवणाऱ्यानं एक गोष्ट मात्र सांगितली नव्हती. अनुदानाच्या योजनेत बहुतेक घरांवर जी सोलर बसते, तिचा इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात चालेल अशी करून देणारी पेटी) स्वतःच्या जिवावर चालत नाही. तारेतून येणारी वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. तो ताल धरून हा इन्व्हर्टर आपली वीज तिच्यात मिसळतो. भजनात मृदंगाच्या ठेक्यावर टाळ वाजतात, तसं. मृदंग थांबला की टाळही थांबतात.

आणि ते थांबलेच पाहिजेत. गावातला टीसी (आमच्याकडं ट्रान्सफॉर्मरला लहानथोर सगळे टीसीच म्हणतात) ११,००० व्होल्टची वीज उतरवून घराला २३० व्होल्ट देतो. उलट बाजूनं वीज शिरली, तर तोच टीसी २३० चे पुन्हा ११,००० करायला लागेल. लाईन बंद आहे या भरवशावर लाईनमन खांबावर चढलेला असतो. त्याचा जीव वाचावा म्हणून करंट गेल्या क्षणी सोलर स्वतःला तोडून घेते. मावशीकडं वीज पिकत होती, पण ती भरून ठेवायला कणगी नव्हती.

वीज साठवणं आपल्याला नवीन नाही. बेळगावात पुष्कळ घरांच्या जिन्याखाली यूपीएस असतो. त्याची बॅटरी शिसं आणि आम्लाची. १८५९ मध्ये गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानं शोधलेली ही युक्ती अजून टिकून आहे, कारण ती स्वस्त आहे आणि कुठल्याही गॅरेजवाल्याला समजते. तिचा हिशेब मात्र आपण कधी मांडत नाही. तिच्यावर १५० अँपिअर-तास आणि १२ व्होल्ट असं लिहिलेलं असतं. दोन्हींचा गुणाकार १,८०० वॅट-तास, म्हणजे १.८ युनिट. त्यातली निम्मीच वापरावी. बॅटरी वारंवार खोलवर उपसली आणि तशीच रिकामी ठेवली, की आतल्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कडक खडे धरतात. चार्जिंग करून ते पुरते विरघळत नाहीत आणि दर वेळी बॅटरीची जागा थोडी थोडी कमी होत जाते. म्हणजे हातात उरलं साधारण ०.९ युनिट.

एवढ्यात काय चालतं? ९ वॅटचे चार बल्ब, ७५ वॅटचे दोन जुने पंखे आणि टीव्ही लावला, तर जेमतेम तीन तास. तेच पंखे बदलून ३० वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) घेतले, तर पाच तास. म्हणून कुणी मला "मोठी बॅटरी कुठली घेऊ?" असं विचारलं, की मी आधी पंखे मोजायला सांगतो. वीज साठवण्यापेक्षा वाचवणं अजूनही स्वस्त पडतं. गीझर, इस्त्री, पाण्याची मोटर यांच्यासाठी तर घरची बॅटरी धरूच नये. एक २,००० वॅटचा गीझर ते ०.९ युनिट अर्ध्या तासात पिऊन टाकतो. खानापूर तालुक्यात अंघोळीचं पाणी अजून पुष्कळ घरांत बंबावर तापतं, ते या बाबतीत सोयीचंच आहे.

आता बाजारात दुसरी बॅटरी आली आहे, लिथियम आयर्न फॉस्फेटची. दुकानदार तिला एलएफपी म्हणतात. ती कशी चालते हे वडगाव-शहापूरच्या विणकराला चटकन समजेल. मागावर धोटा जसा या टोकाकडून त्या टोकाकडं जातो आणि परत येतो, तसे लिथियमचे आयन (विजेचा भार असलेले कण) बॅटरीच्या आत दोन थरांमध्ये ये-जा करतात. एका बाजूला ग्राफाईट, दुसऱ्या बाजूला लोखंड आणि फॉस्फेटची जाळी. चार्ज करताना आयन ग्राफाईटच्या पदरांत जाऊन बसतात, वापरताना परत येतात. इलेक्ट्रॉनला आतली वाट बंद असते, म्हणून ते बाहेरच्या तारेनं फिरून येतात आणि जाता जाता आपला पंखा फिरवतात. धोट्यानं जाळी फारशी उसवत नाही, म्हणून ही बॅटरी हजारो फेऱ्या सोसते आणि ८०-९० टक्क्यांपर्यंत उपसली तरी चालते.

हा पदार्थ बॅटरीसाठी उपयोगी आहे हे दाखवणारा मूळ शोधनिबंध १९९७ सालचा. त्यावर पाधी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ अशी नावं आहेत. गुडइनफ यांना लिथियम बॅटरीवरच्या कामासाठी २०१९ चं नोबेल विभागून मिळालं. नंजुंडस्वामी हे कन्नड वळणाचं नाव आपल्याकडच्या वाचकाला परकं वाटायचं कारण नाही. ज्या बॅटरीवर आज जगभरातल्या साठवण प्रकल्पांची भिस्त आहे, तिच्या जन्मपत्रिकेवर ते आहे, हे शाळांमधून सांगितलं जायला हवं असं मला मनापासून वाटतं. या जाळीत ऑक्सिजन फॉस्फरसला घट्ट धरून असतो, तापला तरी सहजी सुटत नाही. म्हणून मोबाईलमधल्या कोबाल्टच्या बॅटरीपेक्षा हिचा आगीचा धोका बराच कमी. वर कोबाल्ट आणि निकेल हे महाग धातू हिला लागत नाहीत.

पैशांचा हिशेब असा मांडावा. शिशाची बॅटरी १५,००० रुपयांची धरा. ०.९ युनिटप्रमाणे १,२०० फेऱ्या मिळाल्या, तर आयुष्यभरात १,०८० युनिट. म्हणजे वीज साठवायचं भाडंच युनिटमागं जवळजवळ १४ रुपये. एलएफपी एका युनिटची, २०,००० रुपयांची धरा. दर वेळी ०.८ युनिट, ४,००० फेऱ्या, म्हणजे ३,२०० युनिट, भाडं सव्वासहा रुपये. तुमच्या दुकानातला भाव वेगळा असेल, तिथं तो घालून बघा. पण ४,००० फेऱ्या व्हायला रोज एक धरली तरी अकरा वर्षं लागतात. फक्त करंट गेल्यावरच वापरली, तर भाडं कितीतरी पट वाढतं.

इथं कर्नाटकातल्या माणसाला एक प्रश्न पडतो. गृहज्योती योजना २०२३ मध्ये आली. २०२२-२३ मधला सरासरी वापर आणि वर थोडी जादा, पण जास्तीत जास्त २०० युनिट, एवढी वीज घराला फुकट. महाराष्ट्रातल्या चंदगडच्या पाहुण्यांना ही योजना लागू नाही, त्यामुळं त्यांचं बिल आणि आपलं बिल यांची तुलना प्रत्येक लग्नात होते. ज्या घराचं बिल शून्य आहे, त्यानं बिल वाचवायला बॅटरी घेण्यात अर्थ नाही. त्याच्यासाठी बॅटरी हा अंधारावरचा उपाय, बचतीचा नव्हे. पण फुकट वीज कुणीतरी विकत घेतलेलीच असते. सरकार ते पैसे भरतं, आणि सरकारला ती वीज किती महाग पडते यावर अशी योजना किती वर्षं चालेल हे ठरतं.

महाग पडते ती संध्याकाळची. भर दुपारी पावगडासारख्या सोलर पार्कांतून इतकी वीज येते, की वीज बाजारात तिचा भाव युनिटमागं दोन-तीन रुपयांवर, कधी त्याहूनही खाली घसरतो. सूर्य मावळला की घराघरांत दिवे, टीव्ही, मिक्सर लागतात आणि तोच भाव अनेकदा १० रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. २०२३ च्या दुष्काळात धरणं भरली नाहीत, जलविद्युत घटली आणि ऑक्टोबरमध्ये राज्यभर भारनियमनाची वेळ आली, ते पंपावर अवलंबून असलेले शेतकरी विसरले नसतील. दुपारची वीज संध्याकाळपर्यंत धरून ठेवली, तर ही तफावत भरून निघते.

ती कुठं धरायची? माझं मत असं, की घराघरात नव्हे, टीसीजवळ. याला भौतिकशास्त्रातलं एक साधं कारण आहे. तारेत वाया जाणारी वीज ही प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. प्रवाह दुप्पट झाला तर नुकसान चौपट, निम्मा झाला तर पाव. कणकुंबीकडं जाणाऱ्या लाईनसारखी जंगलातून जाणारी लांब तार संध्याकाळी सात वाजता सगळ्या गावांचा भार एकदम ओढते. शेवटच्या वाडीत दिवे डिम होतात, मोटर नुसती घुमते. त्या वाडीच्या टीसीजवळ बॅटरी असेल, तर ती दुपारी सावकाश भरते आणि संध्याकाळी तिथल्या तिथं वीज देते. लांबच्या तारेतला प्रवाह कमी, नुकसान कमी, व्होल्टेज सरळ. मावशीसारख्यांच्या छतावरची जादा वीजही दूर न जाता त्याच कणगीत पडते. शिवाय चाळीस घरांची मोटर एकाच मिनिटाला लागत नाही, म्हणून चाळीस वेगळ्या बॅटऱ्यांपेक्षा एक सामाईक बॅटरी लहान घेतली तरी पुरते.

हे कल्पनेतलं नाही. दिल्लीत किलोकरी इथं वीज वितरणाच्या उपकेंद्रात २० मेगावॅटची, दोन तास पुरणारी बॅटरी २०२५ मध्ये सुरू झाली. किमतीही वेगानं उतरल्या आहेत. केंद्राच्या सौर महामंडळाच्या २०२२ च्या निविदेत दोन तासांच्या साठवणीचं भाडं मेगावॅटमागं महिन्याला १०.८३ लाख रुपये निघालं होतं. दोन-अडीच वर्षांत सरकारी अर्थसाहाय्यासह राज्यांच्या निविदा सव्वादोन लाखांच्या आसपास आल्या. एक मेगावॅट दोन तास म्हणजे रोज २,००० युनिट, महिन्याला ६०,०००. रोज एकदाच वापरली तर युनिटमागं १८ रुपयांचं भाडं पावणेचारच्या घरात आलं. दुपारची तीन रुपयांची वीज त्यात मिळवा, आत-बाहेर होताना १० ते १५ टक्के गळते ती धरा, तरी संध्याकाळच्या १० रुपयांपेक्षा स्वस्त.

बॅटरी सगळं करणार नाही. आषाढात झाड पडून खांब मोडला आणि तीन दिवस लाईन उभी राहिली नाही, तर चार तासांची बॅटरी चार तासच पुरते. तिथं आवरण असलेली तार आणि वेळेवर छाटलेल्या फांद्याच कामाला येतात. मोठ्या साठ्यासाठी पाणी वर चढवून ठेवायची रीतही आहे. सौंदत्तीजवळ मलप्रभेच्या जलाशयाशी जोडून तसा प्रकल्प आखला गेला आहे. यल्लम्माच्या डोंगराकडं जाताना दिसणाऱ्या पवनचक्क्या ऐन पावसाळ्यात, सोलर मंदावते तेव्हाच, जोरात फिरतात, हा निसर्गाचा मोठा आधार. आणि जुनी शिशाची बॅटरी बदलताना ती दुकानातच परत द्यावी. परड्यात फोडलेल्या बॅटरीचं शिसं विहिरीच्या पाण्यात उतरतं आणि लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करतं.

मावशीनं शेवटी हायब्रीड इन्व्हर्टर आणि दोन युनिटची एलएफपी घेतली. करंट गेला की तो बाहेरची लाईन आधी तोडतो, मग घरापुरता स्वतःचा ताल धरतो, म्हणून लाईनमनलाही धोका नाही. सोलरचं ७८,००० रुपये अनुदान बॅटरीला मिळत नाही, बॅटरीचे पैसे तिनं काजू विकून उभे केले. दोन पंखे, पाच दिवे आणि फ्रीज एवढंच तिनं त्यावर जोडलं, बंब आहे तिथंच आहे. परवा फोनवर म्हणाली, "आमच्या घरात उजेड आणि पलीकडं शेवंताच्या घरात अंधार, बरं वाटत नाही बघ. ती टीसीजवळची मोठी बॅटरी म्हणतोस, ती मागायला अर्ज कुठं द्यायचा?" ग्रामपंचायतीच्या पुढच्या सभेत तसा ठराव मांडायचा आमचा विचार आहे. त्यासाठी वाडीतल्या चाळीस घरांचा संध्याकाळचा भार आम्ही वहीत लिहून काढायला घेतलाय.