कोंबडीच्या आतड्यातला परजीवी आणि तिच्या पांढऱ्या पेशी

कोंबड्यांची रक्ती हगवण म्हणजे कॉक्सिडिओसिस, ती होते आयमेरिया नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे. 1929 मध्ये टायझर यांनी याच्या जाती नीट वेगळ्या करून दाखवल्या आणि त्या काळातच लक्षात आलं होतं की हलकी लागण होऊन गेली की पिल्लू त्या जातीला पुन्हा दाद देत नाही, दुसरी जात आली की मात्र परत आडवं. याच जोरावर 1952 मध्ये अमेरिकेत जिवंत परजीवींची लसही बाजारात आली, ती काम का करते हे तेव्हा कुणाला धड सांगता येत नव्हतं तरी!

सगळ्यांना वाटायचं अँटिबॉडीच सगळं करत असणार. त्यात 1956 चा ग्लिक-चँग यांचा पेपर, म्हणजे चँगला क्लासमध्ये अँटिबॉडी कशा बनतात ते दाखवायचं होतं, त्याने ग्लिककडच्या कोंबड्या घेतल्या आणि ज्यांचा बर्सा (शेपटीजवळची छोटी पिशवी) लहानपणीच काढलेला होता त्यांच्यात अँटिबॉडी बनल्याच नाहीत. मग 1970 मध्ये इंग्लंडात रोझ आणि लाँग यांनी बर्सा काढलेल्या कोंबड्यांना आयमेरिया पाजून बघितलं, तर दुसऱ्या वेळी त्या तरीही तगल्या. म्हणजे मुख्य काम अँटिबॉडीचं नव्हतंच, आणि संशय टी सेलवर (अँटिबॉडीशिवाय लढणाऱ्या पांढऱ्या पेशींवर) गेला.

पण मला यातला सगळ्यात भारी भाग वेगळाच वाटतो. 1950 च्या दशकातच मायक्रोस्कोपखाली दिसलं होतं की परजीवी आतड्याच्या वरच्या थरातून खोल ग्रंथींपर्यंत जातो तो चक्क पांढऱ्या पेशीच्या पोटात बसून! आधी लोक म्हणायचे या पेशी मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) आहेत, 1982 मध्ये लॉन आणि रोझ यांनी ई. टेनेलामध्ये (आयमेरियाची एक जात) दाखवलं की त्या आतड्याच्या अस्तरातल्या लिम्फोसाइट (टी सेल ज्या गटात येतात त्या पांढऱ्या पेशी) आहेत, म्हणजे पहारेकरीच चोराला खांद्यावर घेऊन आत सोडतोय.

नंतर 1996 मध्ये ट्राउट आणि लिलेहोज यांनी कोंबड्यांमधल्या सीडी8 टी सेल (लागण झालेल्या पेशी मारणाऱ्या टी सेल) काढून टाकल्या. पहिल्या लागणीत परजीवी उलट कमी निघाले, बहुतेक वाहून न्यायला कोणी नव्हतं म्हणून, आणि दुसऱ्या लागणीत एकदम वाढले कारण आता मारायलाही कोणी नव्हतं.