बेडूक डोळ्यांनी गिळतो

बेडकाची जीभ आपल्या जिभेच्या उलट बसवलेली असते. मूळ खालच्या जबड्याच्या पुढच्या टोकाशी, आणि मोकळा भाग घशाकडे दुमडलेला. समोर किडा हलला की जबडा झटक्यात खाली येतो, जीभ उलटून बाहेर फेकली जाते आणि ०.०७ सेकंदाच्या आत भक्ष्य तोंडात येतं.

जीभ माणसाच्या जिभेपेक्षा सुमारे १० पट मऊ असते, त्यामुळे आपटल्यावर ती किड्याभोवती पसरते. लाळेची करामत त्याहून भारी. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं, की आपटण्याच्या जोराने लाळ क्षणभर पातळ होऊन किड्याच्या अंगावरच्या फटींत शिरते आणि जीभ मागे येताना पुन्हा घट्ट होते. किडा सुटत नाही.

पण इतका घट्ट चिकटलेला किडा तोंडात सोडवायचा कसा? बहुतेक बेडकांना वरच्या जबड्यात आणि टाळूवर बारीक दात असतात, तेही भक्ष्य धरून ठेवण्यापुरते. टोडना, म्हणजे खडबडीत कातडीच्या बेडकांना, तर तेवढेही नसतात. इथे डोळे कामाला येतात. डोळ्यांच्या खोबणीला खालून हाड नसतं. गिळताना एक स्नायू डोळे आत ओढतो, ते टाळूच्या बाजूने खाली उतरून किड्यावर दाबतात आणि त्याला घशाकडे सरकवतात. या घसटीने लाळ परत पातळ होते, पकड सुटते. लेपर्ड फ्रॉग जातीच्या बेडकांत या स्नायूचा मज्जातंतू तोडून पाहिला, तेव्हा एक रातकिडा गिळायला सरासरी २.३ ऐवजी ४ वेळा गिळावं लागलं. म्हणजे डोळ्यांवाचून अडत नाही, पण काम लांबतं. खाताना बेडूक डोळे मिटतो ते चवीने नव्हे!

श्वासासाठी मात्र तोंडाचा तळ राबतो. आपण छाती फुगवून हवा आत ओढतो. बेडकाला ना बरगड्यांचा पिंजरा, ना मध्यपटल (छाती आणि पोटामधला स्नायूचा पडदा); तो हवा भात्यासारखी आत ढकलतो. तोंड मिटलेलं आणि नाकपुड्या उघड्या असताना तळ खाली जातो, तोंडात हवा भरते. मग श्वासनलिकेचं दार उघडतं आणि फुप्फुसांतली जुनी हवा नाकपुड्यांतून निघून जाते. लगेच खालच्या जबड्याचं टोक वर दाबलं जाऊन नाकपुड्या मिटतात, तळ उचलला जातो, तोंडातली हवा फुप्फुसांत जाते आणि दार बंद होतं.

शांत बसलेल्या बेडकाचा घसा सतत थरथरताना दिसतो, तो हा श्वास नव्हे. त्या वेळी दार बंदच असतं, फक्त तोंडातली हवा बदलत असते. फुप्फुसांचा श्वास पाहायचा तर कुशीकडे नजर ठेवावी: ती मध्येच बसते आणि पुन्हा फुगते.

तोंड उघडं राहिलं तर दाबच तयार होत नाही, हवा बाहेर पळते. म्हणून तपासणीसाठी बेडकाचं तोंड उघडायचंच झालं, तर अगदी थोड्या वेळापुरतं. तेवढ्यात तो गुदमरत नाही, कारण ओल्या कातडीतूनही ऑक्सिजन मिळतो आणि कार्बन डायऑक्साइड तर बहुतांशी तिथूनच बाहेर पडतो. कातडी सुकली की हा मार्गही बंद होतो.

आफ्रिकेतल्या झेनोपससारख्या, कायम पाण्यात राहणाऱ्या बेडकांना जीभच नसते. ते तोंडाचा हाच तळ खाली खेचून पाणी ओढतात, भक्ष्य त्याबरोबर आत येतं. घास मोठा असेल तर पुढच्या पायांनी कोंबतात.