पित्त नाही, अर्धशिशी आहे ती

आमच्याकडे आईचं डोकं दुखायला लागलं की घरात एकच वाक्य ऐकू यायचं, "पित्त झालंय." मग आमसुलाचं सार, मोरावळा, डोक्याला करकचून बांधलेली जुनी ओढणी, खिडकीचे पडदे बंद, आणि संध्याकाळी कधीतरी एक उलटी झाली की ती उठून बसायची, चेहरा पार उतरलेला पण डोकं मोकळं. पित्त पडलं आणि डोकं थांबलं, आता याच्यापुढे आणखी पुरावा कशाला हवा? तीस वर्षं आम्ही सगळे हेच धरून चाललो आणि तीस वर्षं ती पोटावरच उपाय करत राहिली.

खरं म्हणजे गाडी उलट्या दिशेने चाललेली असते. मळमळ, उलटी हे अर्धशिशीचं कारण नाही, तो अर्धशिशीचाच भाग आहे. जगभरचे डॉक्टर डोकेदुखीचं जे वर्गीकरण वापरतात त्यात तिची ओळखच अशी दिलीय की औषध न घेता ४ ते ७२ तास टिकणारी डोकेदुखी, बऱ्याचदा एका बाजूला, ठणके मारणारी, जिना चढला तरी वाढणारी, आणि सोबत मळमळ-उलटी किंवा मग उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे होणं. आपल्याकडे अर्धशिशी म्हणतात आणि मायग्रेन हा शब्दसुद्धा मूळ ग्रीक 'हेमिक्रेनिया' म्हणजे अर्धं डोकं यावरूनच आलाय, पण नावावर जाऊ नका, पुष्कळ लोकांचं दोन्ही बाजूंनी दुखतं आणि मग "माझं तर पूर्ण डोकं दुखतं, म्हणजे मायग्रेन नाही" असं म्हणून ते वर्षानुवर्षं तसेच राहतात.

सायनसचंही तसंच. २००४ साली अमेरिकेत जवळजवळ तीन हजार लोकांचा अभ्यास छापून आला, सगळे असे की ज्यांना स्वतःला किंवा त्यांच्या डॉक्टरांना वाटत होतं की ही सायनसची डोकेदुखी आहे, आणि नीट तपासलं तर त्यातल्या ८८ टक्के लोकांची लक्षणं मायग्रेनची निघाली.

आता डोक्यात नेमकं होतं काय? मेंदूला स्वतःला दुखणं कळतच नाही, त्याच्यात वेदनेच्या नसा नसतात, पण मेंदूवरच्या आवरणात आणि तिथल्या रक्तवाहिन्यांभोवती असतात, आणि त्या येतात ट्रायजेमिनल नावाच्या नसेतून, जी चेहऱ्यालाही जाते, म्हणून डोळ्यामागे, कपाळात, कधी जबड्यापर्यंत दुखतं. अर्धशिशीच्या अटॅकमध्ये या नसेची टोकं सीजीआरपी नावाचं एक रसायन सोडतात, त्याने रक्तवाहिन्या फुगतात आणि वेदनेचा निरोप आणखी जोरात मेंदूकडे जातो. १९९० साली पीटर गोड्सबी आणि लार्स एडविन्सन या संशोधकांनी चालू अटॅकमध्ये पेशंटच्या मानेच्या शिरेतलं रक्त तपासलं तेव्हा हे रसायन वाढलेलं सापडलं, पुढे ते शिरेतून दिलं तर अर्धशिशीवाल्या लोकांना अटॅक येतो हेही दिसलं, आणि यावर बेतलेलं पहिलं इंजेक्शन अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झालं. एका रसायनामागे २८ वर्षं! मेंदूवरच्या संशोधनासाठी दिलं जाणारं ब्रेन प्राइझ २०२१ साली या दोघांना आणि त्यांच्यासोबत मायकेल मॉस्कोविट्झ आणि येस ओलेसेन यांना मिळालं. मला हे सगळं वाचताना भरून आलं होतं, कारण माझ्या आईला "टेन्शन घेऊ नका" एवढंच सांगून घरी पाठवलं गेलं होतं, आणि इथे चार माणसं आयुष्य घालून तिचं दुखणं खरं आहे, मोजता येतं, हे दाखवत होती.

पोटाकडे परत येते, कारण औषध लागू का पडत नाही याचं उत्तर तिथेच आहे. अर्धशिशीत पोटाचं काम मंदावतं, खाल्लेलं पुढे सरकत नाही, त्यामुळे गिळलेली गोळीही आतड्यापर्यंत लवकर पोचत नाही आणि रक्तात उशिरा उतरते. आपण काय करतो? "बघू, थांबेल आपोआप" म्हणत दोन-तीन तास काढतो, अगदी असह्य झालं की गोळी घेतो, तोवर पोट ठप्प झालेलं असतं आणि नसाही चिडून गेलेल्या असतात, मग म्हणतो गोळीचा काही उपयोग नाही. गोळी ठणका सुरू होतानाच, डॉक्टरांनी सांगितलेल्या पूर्ण डोसमध्ये घ्यायची असते, आणि मळमळ जास्त असेल तर डॉक्टर सोबत उलटी थांबवायचं औषध देतात ते पोटातलं पुढे ढकलायलाही मदत करतं. साध्या वेदनाशामकाने भागत नसेल तर ट्रिप्टान नावाच्या गोळ्या आहेत, पहिली सुमाट्रिप्टान १९९१ पासून बाजारात आहे, फक्त हृदयविकार असलेल्यांना ती चालत नाही, म्हणून स्वतःच्या मनाने घ्यायची नाही.

पण लवकर घ्या म्हटलं की दुसरा खड्डा लागतो, आणि आई त्यातच पडली होती. मेडिकलमधून मिळणारी कॅफीनवाली मिक्स गोळी, आधी आठवड्यातून एकदा, मग दोनदा, मग सकाळी उठल्याउठल्या डोकं जड म्हणून रोज चहासोबत. अशा मिक्स गोळ्या, ट्रिप्टान किंवा अर्गोटामाइन नावाचं अर्धशिशीचं जुनं औषध महिन्यात १० दिवस किंवा जास्त, आणि साधं पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन १५ दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की गोळीच डोकेदुखी तयार करायला लागते. गोळीचा असर उतरला की डोकं दुखतं, म्हणून गोळी, तिचा असर उतरला की परत. याला व्यसन म्हणू नका प्लीज, हे दुखणाऱ्या माणसाने दुखणं थांबवायला केलेलं असतं आणि त्याला हे कोणी सांगितलेलंच नसतं, गोळी देणाऱ्यानेही नाही. आणि हे नुसतं डोक्यापुरतं नाही, वर्षानुवर्षं रोज घेतलेली वेदनाशामकं पोटाला आणि किडनीलाही भारी पडू शकतात.

आम्हाला हे कळलं ते कालनिर्णयमुळे. न्यूरोलॉजिस्ट मॅडम म्हणाल्या, रोजच्या चौकोनात दुखलं तर लाल टिंब, गोळी घेतली तर निळं, बाकी काही लिहू नका. दुधाचा हिशोब आणि सिलिंडरच्या तारखेच्या मधे मधे टिंबं भरत गेली आणि महिन्याच्या शेवटी आई स्वतःच कॅलेंडरसमोर उभी राहून मोजत होती, २२ लाल, १९ निळी. "अगं, मला वाटलं आठ-दहा असतील," एवढंच म्हणाली.

मग मॅडमच्या सल्ल्याने ती गोळी बंद. पहिला आठवडा फार वाईट गेला, हे आधी सांगून ठेवलं होतं म्हणून निभावलं, कारण बंद केल्यावर काही दिवस डोकं जास्तच दुखतं. सोबत रोज घ्यायचं प्रतिबंधक औषध सुरू केलं. इथे बरेच लोक घाबरतात, नेटवर शोधतात आणि दिसतं की प्रोप्रानोलॉल बीपीचं, अमिट्रिप्टिलीन डिप्रेशनचं, टोपिरामेट फिटचं, आणि वाटतं डॉक्टरने भलतंच दिलं. भलतं नाही, याच औषधांचा अर्धशिशीत उपयोग होतो हे नंतर लक्षात आलं, प्रोप्रानोलॉलचं तर १९६० च्या दशकात छातीत दुखतं म्हणून घेणाऱ्या पेशंटमुळे. फक्त याला वेळ द्यावा लागतो, सहा-आठ आठवडे तरी, आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडून दिलं तर काही कळणारच नाही. दमा असेल किंवा बाळाचा विचार चालू असेल तर ते आधीच सांगा, औषध त्यावरून बदलतं.

कशाने उठतं त्याची यादी प्रत्येकाची वेगळी. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत काही न खाता राहणं, रविवारी दोन तास जास्त झोपणं, ऊन, पाळीच्या आधीचे दिवस. आणि डोक्यावरून न्हाणं! हे आपल्याकडच्या बायका कायम सांगतात, मुंबईच्या डॉ. के. रविशंकर यांनी २००६ साली अशा ९४ भारतीय पेशंटवर पेपरही लिहिला. चॉकलेटचं मात्र जपून बोलायला हवं, कारण दुखायच्या आधी काही तास मेंदूत बदल सुरू झालेले असतात, जांभया येतात, मान आखडते, गोड खावंसं वाटतं, म्हणजे खाल्लं म्हणून दुखलं की दुखणार होतं म्हणून खावंसं वाटलं, हे सांगणं कठीण.

डोकं एकदम, आयुष्यात कधी नव्हे इतकं फुटायला लागलं, सोबत ताप येऊन मान ताठ झाली, बोलणं अडखळलं, हात किंवा पाय लुळा पडला, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच अशी डोकेदुखी सुरू झाली किंवा गरोदरपणात नव्याने आली तर टिंबं मोजत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

चौथ्या महिन्याचं पान मी जपून ठेवलंय, ६ लाल, ४ निळी. मोरावळा आई अजूनही घालते, आता फक्त आवडतो म्हणून.