यूएसबी वेबकॅमचा चित्रप्रवाह : लिनक्स बोर्डांवरील दोषनिवारण

रास्पबेरी पाय, बीगलबोन यांसारख्या लिनक्सवर चालणाऱ्या लहान बोर्डांना यूएसबी वेबकॅम जोडून सलग चित्रे घेणे आणि तो प्रवाह अडला, तुटला वा मंदावला तर कारण शोधणे.

वेबकॅमचा आरंभ कोठे मानावा याविषयी एकमत नाही. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत कॉफीच्या भांड्यावर रोखलेला कॅमेरा (१९९१, वेबवर १९९३) पहिला, असे बहुधा सांगितले जाते. काहीजण १९९४ च्या सुमारास बाजारात आलेल्या क्विककॅमला तो मान देतात. मात्र हे दोन्ही यूएसबीपूर्व काळातले. प्रस्तुत विषयापुरता २००३ मध्ये निघालेल्या यूएसबी व्हिडिओ क्लास (यूव्हीसी) या मानकापासून आरंभ धरणे अधिक सयुक्तिक वाटते, कारण त्याआधी जवळजवळ प्रत्येक कॅमेरा-चिपसाठी वेगळा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) लागे. मानकाच्या पुढील आवृत्त्या २००५ (१.१) आणि २०१२ (१.५) च्या. लिनक्समध्ये कॅमेरे हाताळणाऱ्या व्हिडिओ-फॉर-लिनक्स या व्यवस्थेची दुसरी पिढी, व्ही४एल२, २००२ मध्ये कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) २.५ या विकासमालिकेत आली. लॉरां पिंशार यांचा यूव्हीसीव्हिडिओ ड्रायव्हर २००८ मध्ये २.६.२६ या आवृत्तीत समाविष्ट झाला.

बँडविड्थचे (डेटा वाहून नेण्याच्या क्षमतेचे) आरक्षण : बहुतेक तक्रारींचे मूळ येथे सापडते. वेबकॅम बहुधा आयसोक्रोनस पद्धतीने डेटा पाठवतो. या पद्धतीत प्रत्येक १२५ मायक्रोसेकंदांच्या सूक्ष्मफ्रेममध्ये ठरावीक जागा आधीच राखून ठेवली जाते आणि हरवलेले पाकीट पुन्हा मागवले जात नाही. यूएसबी २.० मध्ये अशा एका मार्गाला सूक्ष्मफ्रेममागे जास्तीत जास्त ३ × १०२४ = ३,०७२ बाइट मिळतात, म्हणजे सेकंदाला सुमारे २.४६ कोटी बाइट. ६४० × ४८० चे वाययूवायव्ही या असंकुचित प्रकारातले चित्र पिक्सेलमागे २ बाइट घेते; सेकंदाला ३० फ्रेमना (चित्रांना) १.८४ कोटी बाइट लागतात आणि ते बसते. १२८० × ७२० ला याच प्रकारात १० फ्रेमनाच तेवढे लागतात, तर १९२० × १०८० ला ५ फ्रेमना सुमारे २.०७ कोटी. पुष्कळ कॅमेरे असंकुचित ७२० ला १० आणि १०८० ला ५ फ्रेमच देऊ करतात, तो बिघाड नव्हे. हिशेबच तसा आहे.

दुसरा कॅमेरा सुरू करताच ‘उपकरणावर जागा शिल्लक नाही’ अशा अर्थाची −२८ ही त्रुटी येते. तिचा डिस्कशी काही संबंध नाही. सूक्ष्मफ्रेमची कच्ची क्षमता ७,५०० बाइट असून मानकानुसार नियतकालिक वाहतुकीला त्यातील ८० टक्के, म्हणजे ६,००० बाइटच देता येतात. ३,०७२ च्या दोन मागण्या ६,१४४ होतात. कॅमेरा प्रत्यक्षात किती पाठवतो याला येथे महत्त्व नाही, तो किती मागतो याला आहे. संकुचित एमजेपीईजी (प्रत्येक फ्रेम जेपीईजी चित्र म्हणून) पाठवतानाही कित्येक कॅमेरे कमाल जागा मागून बसतात. या मागणीचा दोष कॅमेऱ्याच्या फर्मवेअरचा (आतल्या प्रोग्रॅमचा) की ड्रायव्हरने तिच्यावर विश्वास ठेवण्याचा, असा वाद घालता येतो. ड्रायव्हर कॅमेऱ्याने सांगितलेल्या आकड्याला पुरेल अशी सर्वांत लहान जोडणी निवडतो, त्यामुळे पहिले मत अधिक ग्राह्य दिसते. यूव्हीसीव्हिडिओ मोड्यूलला ‘क्वर्क्स’ हा प्राचल १२८ दिल्यास ड्रायव्हर स्वतः हिशेब करतो, मात्र हा उपाय असंकुचित प्रकारांनाच लागू पडतो. इतर वेळी फ्रेमचा आकार वा गती कमी करावी, नाहीतर दुसरा कॅमेरा वेगळ्या यूएसबी नियंत्रकावर न्यावा. बाहेरून वीज घेणारा हब वीज वाढवतो, बँडविड्थ नाही. यूएसबी २.० चा कॅमेरा निळ्या यूएसबी ३ पोर्टमध्ये खोचला तरी तो जुन्याच तारांवरून बोलतो. रास्पबेरी पाय ४ वरील चारही पोर्ट यूएसबी २.० ची एकच वाहिनी वाटून घेतात. पाय ५ मध्ये दोन स्वतंत्र नियंत्रक आहेत.

तपासणी : प्रथम कर्नलची नोंदवही (डीमेसेज) पाहावी. ‘एलएसयूएसबी -टी’ या आज्ञेने कॅमेऱ्यापुढे ४८०एम (सेकंदाला ४८० मेगाबिट) आणि यूव्हीसीव्हिडिओ दिसले पाहिजे; १२एम दिसल्यास केबल किंवा हब बदलावा. ड्रायव्हरच नसेल, तर स्वतः बांधलेल्या कर्नलमध्ये यूएसबी व्हिडिओ क्लासचा पर्याय निवडायचा राहिलेला असतो. त्यानंतर व्ही४एल२-सीटीएल या आज्ञेने उपलब्ध प्रकारांची यादी काढून एमजेपीईजीत १०० फ्रेम ओढून पाहाव्यात. हे जमले, तर दोष वरच्या प्रोग्रॅममध्ये शोधावा. ओपनसीव्ही या चित्रप्रक्रियेच्या लायब्ररीला प्रकार स्पष्ट सांगितला नाही, तर ते बहुधा असंकुचित प्रकार उचलते.

कर्नल ४.१६ पासून एका कॅमेऱ्याला दोन व्हिडिओ नोड (‘/डेव्ह’खालील उपकरण-फाइली) मिळतात. त्यांतील दुसरा केवळ अधिमाहितीचा असल्याने तो उघडून चित्र मिळत नाही. क्रमांकही रीस्टार्टनंतर बदलू शकतो, म्हणून ‘/डेव्ह/व्ही४एल/बाय-आयडी’खालील कायम नाव वापरावे. ‘परवानगी नाही’ असे आल्यास वापरकर्ता ‘व्हिडिओ’ गटात आहे का, आणि ‘व्यस्त’ असे आल्यास दुसरा कोणता प्रोग्रॅम नोड धरून बसला आहे, ते पाहावे.

वीज : −७१ ही त्रुटी आणि कॅमेरा वारंवार तुटून जोडला जाणे, यांमागे बहुधा अपुरा वीजपुरवठा किंवा निकृष्ट केबल असते. पाय ४ वर चारही पोर्ट मिळून १.२ अँपिअर मिळतात. पाय ५ वर ५ अँपिअरचा अडॅप्टर नसेल, तर ६०० मिलिअँपिअरच. पायवर ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ या आज्ञेचे उत्तर शून्याहून वेगळे आले, तर त्यातील बिट ० व बिट १६ पाहावेत. बिट ० म्हणजे या क्षणी विद्युतदाब (व्होल्टेज) कमी, बिट १६ म्हणजे सुरू केल्यापासून कधीतरी कमी पडला. सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी हे निस्तरावे.

रात्री ३० ऐवजी १५ फ्रेम येऊ लागल्या, तर कॅमेरा मंद प्रकाशात फ्रेम अधिक काळ उघडी ठेवतो आहे. ‘एक्स्पोजर डायनॅमिक फ्रेमरेट’ हे नियंत्रण ० केले की गती परत येते, चित्र मात्र काळसर होते. जुन्या कर्नलमध्ये त्याचे नाव ‘एक्स्पोजर ऑटो प्रायॉरिटी’ असे होते.

बीगलबोन ब्लॅकमधील म्यूस्ब हा यूएसबी नियंत्रक आयसोक्रोनस वाहतुकीत कमकुवत ठरतो. तेथे ६४० × ४८० एमजेपीईजीपासून सुरुवात करावी.