सेंटरिंगशिवाय छत

वाळवंटात भिंती उभारणं अवघड नाही. माती पायाखालीच असते. गाडं अडतं ते छताशी. तुळयांना लाकूड आणायचं कुठून? इजिप्तचे वास्तुरचनाकार हसन फतही १९४१च्या सुमारास इथेच अडले. महायुद्धामुळे लाकूड आणि पोलाद मिळेनासं झालं होतं. त्यांनी कच्च्या विटांची कमानदार छतं बांधून पाहिली, ती कोसळली. उत्तर सापडलं अस्वानजवळच्या नुबियन गवंड्यांकडे.

हे गवंडी सेंटरिंग, म्हणजे बांधकाम चालू असताना छताला खालून दिलेला तात्पुरता लाकडी आधार, लावतच नाहीत. मागची भिंत उंच घेतात, तिच्यावर गाऱ्याने कमानीचा आकार काढतात आणि विटांचा पहिला थर तिला रेलून तिरका लावतात. पुढचा थर या थराला रेलतो. विटा पातळ, भुसा जास्त घातल्यामुळे हलक्या. वीट पाडतानाच तिच्या अंगावर बोटांनी दोन चरी ओढलेल्या असतात, म्हणून ती ओल्या गाऱ्याला घट्ट धरून राहते. माती दाब सोसते, ताण सोसत नाही. या कमानीत जवळजवळ सगळा दाबच असतो. लक्सरच्या रामेसियम या प्राचीन मंदिराच्या आवारातली अशी छतं तीन हजार वर्षांहून जुनी आहेत.

आणि गारव्याचं काय? मार्च १९६४मध्ये कैरोत दोन नमुने शेजारी ठेवून मोजणी झाली. अर्धा मीटर जाड मातीच्या भिंतींच्या खोलीत तापमान दिवसरात्र २१ ते २३ अंश सेल्सिअसच्या आत राहिलं. दहा सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटच्या खोलीत ते ३६ अंशांवर गेलं, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षाही ९ अंश जास्त! जाड मातीत दुपारचं ऊन शिरतं, पण आत पोचेपर्यंत रात्र होते. मराठवाड्यात माळवदाखाली उन्हाळा काढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

लक्सरसमोर नाईलच्या पश्चिम काठावर फतहींनी १९४०च्या दशकात नवं गुर्ना हे गाव याच पद्धतीने बांधायला घेतलं. तिथल्या शाळेला वारा पकडणारा मनोरा होता, त्याला ‘मलकफ’ म्हणतात. आत येणारी हवा गार व्हावी म्हणून त्यात ओल्या कोळशाचे ट्रे ठेवलेले. पण ज्यांच्यासाठी हे गाव होतं ते जुन्या गुर्नाचे लोक प्राचीन थडग्यांवर राहत आणि त्यांची कमाईही या थडग्यांवरच. ते हलायला तयार झाले नाहीत, गाव अर्धवट राहिलं. पुढे तिथल्या कित्येक मातीच्या घरांच्या जागी काँक्रीटची घरं आली. त्यात राहणाऱ्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही: कुटुंब वाढलं की वर मजला चढवावा लागतो आणि घुमटावर मजला चढत नाही.