त्रिपताक की मयूर? सगळा खेळ अनामिकेचा

बडोद्यात भरतनाट्यम आलं ते लग्नाच्या वऱ्हाडासोबत. 1880 मध्ये सयाजीराव गायकवाडांचा विवाह तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी झाला आणि तिकडच्या नर्तकी इथल्या दरबारी आल्या. आज दांडिया बाजारातून क्लासला जाणाऱ्या मराठी मुली पहिल्या वर्षी हमखास अडतात त्या त्रिपताक आणि मयूर या दोन हस्तांवर, म्हणजे हाताच्या मुद्रांवर.

सुरुवात पताक या मूळ हस्तापासून. त्यात चारही बोटं ताठ, जुळलेली. अंगठा दुमडून तर्जनीच्या मुळाशी. त्यातली फक्त अनामिका मधल्या पेरातून वाकवली की झाला त्रिपताक. मयूरात अंगठा तर्जनीला सोडतो आणि त्याचं टोक अनामिकेच्या टोकाला भिडतं. बाकीची तीन बोटं ताठ.

गडबड होते ती त्रिपताकात. शेवटच्या तिन्ही बोटांची वाकण्याची हालचाल एकमेकांत गुंतलेली असते, त्यामुळे अनामिका वाकवताना करंगळीही लवते. तिला सावरायला जाताना अंगठा नकळत पुढे सरकतो, अनामिकेला दाबून धरतो, आणि त्रिपताकाचा मयूर होऊन बसतो. यावर उपाय एकच: दुसऱ्या हाताने मधलं बोट आणि करंगळी ताठ धरून अनामिका दहा वेळा वाकवायची-सोडायची, मग आधार काढायचा. तिचं टोक तळहातावर टेकवायचं नाही. टेकलं की करंगळी ओढली जाते. मयूरातली चूक वेगळी: अंगठा नखावर चढतो आणि मोराची चोच चिमटा होते.

अभिनयदर्पण या नृत्यावरच्या संस्कृत ग्रंथात त्रिपताकाकडे दाखवायला मुकुट, झाड, वज्र, केवडा, दिवा, बाण. मयूराकडे मोराची चोच, वेल, बट मागे सारणं, कपाळावरचा टिळा, शास्त्रचर्चा. वांतीसुद्धा, पण ती मंचावर क्वचितच कुणी करून दाखवतं!

खरी मेख पुढे आहे. अभिनयदर्पणाच्या 28 असंयुत (एका हाताने करायच्या) हस्तांत मयूर आहे, नाट्यशास्त्राच्या 24 हस्तांत तो नाहीच. तिथे टिळा काढणं, बटेला हात लावणं, आसवं पुसणं ही कामं त्रिपताकाच्या अनामिकेकडेच आहेत. देवाला गंध आपणही त्याच बोटाने लावतो. त्यामुळे ‘टिळा त्रिपताकाने’ हे उत्तर सरसकट चूक म्हणता येत नाही. लेखी परीक्षेत प्रश्न कोणत्या ग्रंथावर आहे ते आधी बघावं.

मंचावर मात्र टिळा मयूरानेच. तळहात स्वतःकडे, जुळलेली टोकं भुवयांच्या मध्यापासून बोटभर दूर. कपाळाला टेकवलीत तर घामाने ओली झालेली टिकली बोटाला चिकटून येते.