अनपिव्हॉट

स्प्रेडशीटमधील आडवा तक्ता उभा करण्याची क्रिया. कॉलमांच्या मथळ्यांचा एक कॉलम होतो आणि त्यांखालच्या आकड्यांचा दुसरा. सोलापूर जिल्ह्याच्या तालुकावार पावसाचा तक्ता घ्यावा : ओळींत ११ तालुके, कॉलमांत जून ते सप्टेंबर. अनपिव्हॉटनंतर तालुका, महिना, मिलिमीटर असे तीन कॉलम आणि ४४ ओळी होतात. ‘एकूण’चा कॉलम आधी काढला नाही तर ओळी ५५ भरतात व प्रत्येक बेरीज दुप्पट येते. ट्रान्सपोजने हे काम होत नाही. तालुके वर जातात, महिने डावीकडे येतात, एवढेच.

एक्सेल २०१६ पासून पॉवर क्वेरी, म्हणजे तक्ते आणून त्यांचे रूप बदलण्याचे साधन, अंगभूत आहे. डेटा टॅबवरून ‘फ्रॉम टेबल/रेंज’ घ्यावे, ‘तालुका’ कॉलमवर राइट-क्लिक करून ‘अनपिव्हॉट अदर कॉलम्स’ निवडावे, ‘अ‍ॅट्रिब्यूट’ व ‘व्हॅल्यू’ ही आपोआप पडलेली नावे बदलावीत आणि ‘क्लोज अँड लोड’ करावे. महिने निवडून ‘अनपिव्हॉट ओन्ली सिलेक्टेड कॉलम्स’ करणे टाळलेले बरे. त्यात क्वेरी (नोंदवून ठेवलेल्या पायऱ्या) तेवढीच नावे धरून बसते. सोलापुरात परतीच्या पावसामुळे ऑक्टोबरचा कॉलम पुढे जोडावाच लागतो. तो मग ओळींत न उतरता प्रत्येक तालुक्याच्या चारही ओळींवर तोच आकडा उमटवतो.

सर्वांत फसवी गोष्ट रिकाम्या रकान्यांची. पॉवर क्वेरी ते गाळून टाकते, शून्य मात्र ठेवते. म्हणजे कोरडा महिना दिसतो, नोंद न झालेला महिना गायब होतो. ४४ ऐवजी ४१ ओळी आल्या तर तीन रकाने रिकामे होते. ते हवे असतील तर आधी ‘रिप्लेस व्हॅल्यूज’ने ‘नल’च्या (रिकाम्या मूल्याच्या) जागी −१ घालावा, काम झाल्यावर पुन्हा ‘नल’ करावा. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसचे अनपिव्हॉटही रिकाम्या नोंदी गाळते. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या पांडाज लायब्ररीत हेच काम करणारे ‘मेल्ट’ त्या राखते.

दुमजली मथळ्याला सरळ अनपिव्हॉट चालत नाही. चादरीच्या व्यापाऱ्याच्या शीटवर ओळींत ग्राहक, वर ‘चादर’, ‘टॉवेल’ असे मर्ज केलेले रकाने आणि प्रत्येकाखाली ‘नग’, ‘रक्कम’ असतात. तिथे तक्ता घेताना ‘माय टेबल हॅज हेडर्स’ची खूण काढावी. मग ट्रान्सपोज, पहिल्या कॉलमवर ‘फिल डाउन’ (रिकाम्या रकान्यांत वरचे मूल्य भरणे), पहिले दोन कॉलम ‘|’ घालून मर्ज, पुन्हा ट्रान्सपोज आणि पहिली ओळ मथळा, या क्रमाने जावे. त्यानंतर अनपिव्हॉट करून ‘|’पाशी कॉलम तोडावा. नग आणि रक्कम पुन्हा शेजारी हवे असल्यास तोडल्यावर ज्या कॉलमात ‘नग’, ‘रक्कम’ आले त्यावर पिव्हॉट (अनपिव्हॉटची उलट क्रिया) करून ‘डोन्ट अ‍ॅग्रीगेट’ (बेरीज वगैरे न करणे) निवडावे. एकाच ग्राहकाची दोनदा नोंद असेल तर इथे एरर येतो, म्हणून बिल क्रमांकाचा कॉलम राखून ठेवावा.